कोचीनला न वाळलेली खळ

ताडकळसच्या अलीकडं, ओढ्याच्या वरच्या अंगाला, धनगरांची सात घरं. त्यातलं शेवटचं येडबाचं. कागदोपत्री तो पोलीस शिपाई. परभणीच्या कचेरीत खजिन्याच्या दारापुढं बंदूक घेऊन उभं राहायचं, हे त्याचं काम. आठवड्याच्या सुट्टीला गावी यायचा. आला की ओसरीवर कुणी ना कुणी पाय पसरून बसलेलंच असायचं. कुणाचा घोटा मुरगळलेला, कुणाचं मनगट सुजलेलं, नायतर कुणी लंगडं कोकरू काखेत मारून आणलेलं. शिपाई येडबा गावाच्या काही कामाचा नव्हता. गावाला धनगर येडबा पायजे होता.

त्याचा इलाज एकच, अन् तो त्याच्या बापाकडून आलेला. घोंगडी विणून झाली की तिला चिंचोक्याची खळ देतात, म्हणजे ती ताठ होते. तीच खळ. चिंचोके भाजायचे, टरफलं काढायची, जात्यावर पीठ करायचं, ते पाण्यात रटरटा शिजवायचं. त्यात काळ्या मेंढीच्या लोकरीचं कच्चं सूत भिजवायचं अन् दुखऱ्या घोट्याला गुंडाळायचं. तळपायाखालून, टाचेवरून, पुन्हा घोट्यावरून, असे तीस-पस्तीस वेढे. मग पाय उन्हात. खळ वाळत जाती तसं सूत आवळत जातं, अन् दोन प्रहरात असा साचा बसतो की वरून नखानं टिचकी मारली तर टक्क वाजावं. तिसऱ्या दिवशी मेंढरू कळपात.

बाप सटवाजी बोलका नव्हता. या इलाजाबाबत त्यानं येडबाला एकच गोष्ट तोंडानं सांगितली. "ओल्या खळीवर जनावर हाकायचं न्हाई." बाकी सगळं बघून शिकायचं होतं. येडबा शिकला.

पोलीस अॅक्शन झाली त्याच्या दुसऱ्या वर्षी येडबा अन् त्याचा थोरला भाऊ रायभान घोंगड्यांचे गठ्ठे घेऊन हैदराबादला गेले. रझाकारांच्या धामधुमीत बाजार नीट भरले नव्हते, माळ्यावर घोंगड्यांची थप्पी लागली होती. रायभान घोंगड्या विकून परतला, येडबा परतला नाही. तिकडं पोलिसात भरती चालू होती. साहेबांनी उंची मोजली, छाती मोजली अन् मैलभर पळायला लावलं. उभा जन्म मेंढरामागं पळालेल्या माणसाला मैल कुठं सुरू झाला अन् कुठं संपला ते कळलंसुद्धा नाही. घेतला त्याला.

त्या काळी हैदराबादेत फुटबॉलचं येड असं होतं, की सामना असला की मैदानाभोवतालच्या झाडांना पानांपेक्षा माणसं जास्त. येडबाच्या पथकाचीही टीम होती. येडबानं तो खेळ पहिल्यांदा बघितला अन् त्याला एवढंच वाटलं, की हात धडधाकट असून माणसं ते वापरत का नाहीत. पण एक दिवस टीममधल्या एका कवळ्या गड्याचा घोटा मुरगळला. त्याला सगळे मुन्ने म्हणायचे. डॉक्टरनं तीन आठवडे सांगितले. येडबानं त्याला बराकीमागं नेऊन खळ बांधली, अन् मुन्ने आठव्या दिवशी मैदानात पळायला.

झालं. त्या दिवसापासून येडबाची परेड माफ झाली. टीम जाईल तिकडं तो जायचा. मुंबईला गेला, कलकत्त्याला गेला, बंगलोरला गेला. मैदानाच्या चुन्याच्या रेघेबाहेर बादली अन् फडकं घेऊन बसायचं. कुणी पडलं की पळायचं. टीम जिंकली की फोटो निघायचा. फोटोत येडबा नसायचा, पण एखाद्या कोपऱ्यात त्याची बादली असायची. घरी केवळाबाईला, म्हणजे बायकोला, त्यानं असा एक फोटो आणून दाखवला होता. ती म्हणाली, "बादली बरी हाय."

सात वर्षं अशी गेली. आपल्या हाताला काय येतं अन् ते कुठं लागतं, हे ज्याला कळलं तो माणूस सुखी म्हणायचा. येडबाला ते कळलं होतं.

मग छप्पन साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. तेलंगण आंध्राकडं, कानडी मुलूख म्हैसूरकडं, मराठवाडा मुंबईकडं. जमीन वाटली तशी माणसंही वाटली. येडबाच्या कागदावर घर परभणी जिल्हा लिहिलेलं. तो मुंबईच्या वाट्याला आला, अन् मुंबईनं त्याला परभणीला आणून खजिन्याच्या दारापुढं उभा केला. तीन वर्षं तो तिथं उभा होता. खजिन्याच्या दाराला घोटा नसतो.

एकोणसाठच्या दिवाळीनंतर त्याला एक पत्र आलं. उर्दूत होतं. कचेरीचे जमादार दिनकरराव निजामाच्या अमदानीत शिकलेले, त्यांनी चष्मा लावून वाचलं. पत्र हैदराबादच्या टीमच्या जुन्या मॅनेजरसाहेबांचं. आता ते हिंदुस्थानच्या टीमच्या बंदोबस्तात होते. पुढच्या साली कोरियात साऱ्या आशिया खंडाची स्पर्धा होणार; त्याआधी कोचीनजवळ एर्नाकुलमला चार देशांचे सामने; त्यात जो पहिला येईल तोच कोरियाला जाणार. गड्यांचे पाय सांभाळायला माणूस पायजे. महिनाभर ये. अन् खाली एक ओळ होती, ती दिनकररावांनी दोनदा वाचली. टीम कोरियाला गेली तर तू संगं येशील, अन् तुझ्या नावाचं मागणीपत्र लिहून तुला परत हैदराबादला, टीमजवळ, घेऊन टाकीन.

दिनकररावांनी चष्मा काढला. "येडबा, कोरिया कुटं हाय ठावं हाय का?"

"न्हाई, जमादारसाब."

"मग निघालास की लगेच."

"मला कुटं खेळायचंय. घोटा सगळीकडं सारखाच असतो."

"हरले तर?"

येडबानं पत्र घडी घालून खिशात ठेवलं. हरले तर हे दार होतंच की.

दिनकररावांनी खटपट करून रजा मिळवून दिली. घरी केवळाबाई लोकर पिंजत बसली होती. त्यानं सांगितलं तेव्हा तिनं हात थांबवला नाही.

"किती दिवस?"

"महिना."

"अन् मंग?"

"टीम जितली तर परत हैदराबाद. तू बी चल. पोलीस लाईनीत खोली मिळती. नळ हाय."

"नळ," केवळाबाई म्हणाली. "अन् मेंढरं? ती काय नळाला बांधू?"

रायभान ओसरीवर तंबाखू मळत होता. "लाथा मारायसाठी माणसं कोचीनला न्यायलेत म्हण," तो म्हणाला. "हितं पाटलाच्या वाड्यावर जावं, फुकट बसत्यात."

पण रात्री जेवणं झाल्यावर केवळाबाईनं चिंचोके भाजायला घेतले, अन् पुढचे दोन दिवस जातं घरघरत राहिलं. चार शेर पीठ तिनं पिशवीत भरून दिलं, वर काळ्या लोकरीच्या सुताच्या सहा लडी. "कमी पडाया नको," एवढंच बोलली.

कोचीनकडचा मुलूख येडबाला पहिल्या दिवसापासून वळखू आला नाही. जिकडं बघावं तिकडं पाणी, पाण्यात नारळाची झाडं, झाडाखाली घरं, घराला लागून पुन्हा पाणी. भाकरीचं नाव नाही, भात अन् मासळी. डिसेंबर महिना, इकडं परभणीला हुरड्याची थंडी पडलेली असणार, अन् तिथं अंगाला घाम सुटायचा तो पुसला तरी जायचा नाही. पहिल्याच दिवशी त्यानं बंडी धुऊन दोरीवर टाकली. दुसऱ्या दिवशी ती ओली. तिसऱ्या दिवशीही ओली, वर आंबूस वास. येडबानं तीच ओली बंडी अंगात घातली अन् कामाला लागला. त्या बंडीनं त्याला जे सांगितलं ते त्याच्या डोक्यात शिरलं नाही. परभणीच्या माणसाला न वाळणाऱ्या वस्तूची सवयच नसते.

सामने एकाआड एक दिवस, कधी लागोपाठ. चार देश, प्रत्येकाशी दोनदा गाठ. हिंदुस्थानची टीम चांगली, साऱ्या देशातनं वेचून आणलेली. पण काही केल्या घडी बसेना. एखादा सामना जिंकायले की पुढचा हरायले. जेवताना आधी गडी एकमेकांची थट्टा करायचे, ती कमी कमी होत गेली. मुन्ने आता हिंदुस्थानच्या टीममध्ये होता. इतक्या माणसांत येडबाला जुना वळखणारा तोच.

"यडबा, इधर का खाना खाके तू मोटा होगया रे," तो म्हणायचा.

"मोटा न्हाई, सुजलोय. भातानं."

एका सामन्याच्या आदल्या दिवशी, दुपारच्या सरावात, मुन्नेचा घोटा मुरगळला. तोच, डावा, नऊ वर्षांपूर्वीचा. संध्याकाळी मॅनेजरसाहेब खोलीत आले. मुन्ने खाटेवर, पाय उशीवर. साहेबांनी पायाकडं बघितलं नाही, येडबाकडं बघितलं.

"कल का मॅच गया तो कोरिया गया समझो. खेल सकता ये?"

मुन्नेही येडबाकडं बघायला लागला. सात वर्षांत येडबानं असा सवाल शंभरदा ऐकला होता, अन् दर वेळी आधी घोटा दाबून बघून मग तोंड उघडलं होतं. त्या दिवशी तोंड आधी उघडलं.

"खेळंल, साब."

हॉटेलच्या भटारखान्यात त्यानं खळ शिजवायला ठेवली. तिथला आचारी काळा, ठेंगणा, चांगला माणूस होता. त्याची भाषा येडबाला येत नव्हती, येडबाची त्याला येत नव्हती. त्यानं भांड्यात वाकून बघितलं, बोटानं चाखलं, अन् तोंड वाकडं करून वाटीभर मीठ पुढं केलं. येडबानं हातानंच नको म्हणून सांगितलं. दिवस मावळता मावळता त्यानं मुन्नेच्या घोट्याला पस्तीस वेढे दिले. बांधणी झकास झाली होती. हैदराबादलाही त्यानं कितीदा संध्याकाळी बांधलं होतं; तिथला रात्रीचा कोरडा वारा सकाळपर्यंत उन्हाचं काम करायचा. त्यानं पाय खिडकीकडं करून ठेवला, खिडकी सताड उघडली. खिडकीतनं समुद्राचं वारं येत होतं.

झुंजुमुंजू झालं तसा तो उठून आला. मुन्ने झोपलेला. येडबानं सुतावर बोट ठेवलं.

ओलं होतं. नुसतं ओलं नाही, चिकट. नुकत्याच जन्मलेल्या कोकराच्या अंगावर असतं तसं बुळबुळीत. त्यानं दुसऱ्या बाजूनं हात लावला. तिथंही तसंच. टिचकी मारली, आवाज आला नाही.

तो खाली गेला. हॉटेलच्या मागं धोबी कोळशाची इस्त्री तापवत होता. त्याच्याकडनं इस्त्री मागून आणली, वेढ्यांवर फडकं धरून हळूहळू फिरवली. वाफ निघाली, खळीचा आंबट वास खोलीत भरला. मुन्ने जागा झाला. "क्या पका रा रे? मेरे पाँव की निहारी?"

"गप पड. हलू नको."

दोन घटका इस्त्री फिरवल्यावर वरची पापडी कडक झाली. येडबानं टिचकी मारली. टक्क. मग अंगठा ठेवून दाबून बघितलं. पापडीखाली सूत दबलं. आतून खळ तशीच ओली होती.

बापाचं बोलणं त्याला आठवलं का? आठवलं. जमादारानं वाचलेली ती खालची ओळही आठवली. दोन्ही एका वेळी आठवलं, अन् दोन्हींचा आवाज सारखाच बारीक होता.

तेवढ्यात मॅनेजरसाहेब दारात आले. दाढीचा साबण अजून कानाला लागलेला.

"क्या बोलता, यडबा?"

येडबानं बोलण्याऐवजी नखानं टिचकी मारली. टक्क. साहेबांनी मान हलवली अन् निघून गेले. मुन्नेनं वर मोजा चढवला, बूट घातला, दोन पावलं टाकली. "एकदम लकडी," तो हसून म्हणाला.

मैदान खचाखच भरलं होतं. येडबा चुन्याच्या रेघेबाहेर बादली घेऊन बसला. पहिला अर्धा खेळ घोटा टिकला. मुन्ने पळायला, अडवायला, चेंडू हिसकायला. येडबाचा एकही डोळा चेंडूवर नव्हता, दोन्ही डोळे डाव्या मोज्यावर होते. दुसरा अर्धा सुरू झाल्यावर थोड्या वेळानं मोज्यावर पांढरट ओघळ दिसला. घामानं खळ सुटायली होती. मग बुटाच्या वर, मोज्याला फुगवटी आली. आतला वेढा सरकून वर आला होता.

त्याला हाक मारता आली असती. पंचाला हात करून गडी बाहेर बोलावता आला असता. मॅनेजरसाहेब तर हातभर अंतरावर बसलेले. येडबानं बादलीचा कान धरला, सोडला, पुन्हा धरला.

समोरून उंच गडी चेंडू घेऊन आला. मुन्ने त्याला अडवायला डाव्या पायावर वळला, अन् वरचं अंग वळलं, पाय तिथंच राहिला. पडताना तो ओरडलासुद्धा नाही.

येडबा बादली घेऊन पळाला. रोजच्या सवयीनं पळाला, पाणी सांडू न देता. मोजा उतरवला तर सूत घोट्यावरून सुटून टाचेखाली गोळा झालं होतं, ओल्या शेवाळासारखं. त्यानं ते मुठीत गोळा करून बंडीच्या खिशात घातलं. मुन्नेला दोघांनी उचलून बाहेर नेलं. तेव्हाच्या कायद्यात बदली गडी नव्हता. टीम दहा जणांची राहिली. पुढं काय काय झालं ते येडबाला दिसलं, पण त्याचा अर्थ लागला नाही. माणसं इकडून तिकडं पळत होती. शिट्टी वाजली. हरले.

त्याला वाटलं, आता आत काहीतरी होईल. काहीच झालं नाही. त्यानं बादली विसळली, फडकी पिळली, दोरीवर टाकली. ती वाळणार नाहीत हे आता त्याला ठाऊक होतं, तरी टाकली.

राहिलेले सामने झाले. सहांतले दोन जिंकले, चार हरले. चौघांत चौथा नंबर. जे पहिले आले ते कोरियाला गेले. निघायच्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "एक टखने से टीम नही हारती, यडबा." मुन्ने काठी टेकत आला. त्यानंच उलट येडबाची समजूत काढली. "तेरा धागा ढीला पडा रे. यां की हवाच गीली है, तू क्या करता?"

येडबा म्हणाला, "हौ."

सामन्याच्या सकाळी अंगठ्याखाली सूत दबलं होतं, हे सांगायला तीच वेळ होती. गाडीला अजून अर्धा तास होता. त्यानं मुन्नेची पेटी डब्यात चढवून दिली अन् पाणी भरून आणून दिलं.

परभणीला उतरला तेव्हा हवा कोरडी खडखडीत होती. पहाऱ्यावर जायच्या आधी त्यानं आंघोळ केली, बंडी धुऊन कुंपणावर टाकली. अंग पुसून होईस्तोवर ती वाळली होती. तो तिच्याकडं बघत उभा राहिला. मग घातली.

आठ-दहा दिवसांनी येळवस आली, रानात जेवायची वेळ अमावस्या. रायभानची मेंढरं त्या महिन्यात गावच्या बाबाराव देशमुखाच्या रानात खतासाठी बसायला होती, म्हणून त्या रानातल्या कोपीपुढं सगळ्यांचं जेवण होतं. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. येडबा जेवायला बसला अन् सगळ्यांनी त्याला धरला.

"कसं काय, कोरियावाले?" रायभान म्हणाला.

"हरले."

"किती गड्यांनी?"

"गड्यांनी न्हाई. गोलांनी."

"आपली माणसं काय झोपली व्हती?"

"खेळले की."

"अन् तू काय केलास तितं महिनाभर?"

"बादली धरली."

सगळे हसले. येडबाही हसला. आंबीलीचा मोगा फिरत त्याच्यापाशी आला, तो प्यायला, पुढं दिला. केवळाबाई वाढत होती. ती हसली नाही. पिशवीतलं पीठ अर्धं परत आलं होतं, हे तिनं बघितलं होतं.

मागणीपत्र आलं नाही. पौषात येडबानं दिनकररावांना एकदा विचारलं, माघात एकदा. दिनकरराव म्हणाले, "अरे, हरलेल्या टीमच्या मॅनेजराला आता कोण इचारतंय? त्याचंच पत्र त्याला कुणी लिहीना." येडबानं नंतर विचारलं नाही. दारापुढं उभं राहणं आधीसारखंच होतं. फरक इतकाच, की आधी उभा असताना तो येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चाली बघायचा. कोण उजवा पाय ओढतो, कोणाची टाच आत पडते. आता समोरच्या भिंतीचा चुना बघायचा.

अन् सुट्टीला गावी आला की ओसरीवर बसलेल्याला सांगायचा, "दवाखान्यात जा."

"तुला काय झालं?"

"काय न्हाई. दवाखान्यात जा."

चतुराबाई म्हणून एक म्हातारी होती, तिच्या मनगटाला त्यानं दहा वर्षांत तीनदा खळ बांधली होती. तिलाही परत पाठवली. म्हातारी ओढा ओलांडेपर्यंत मोठ्यानं बोलत गेली. "कोचीन बघून आला, माजला मुडदा. आता काय राणीचं मनगट पायजे त्याला." हळूहळू माणसं यायची थांबली. लंगडी कोकरं तेवढी राहिली, ती रायभान बांधायचा; त्याची बांधणी ढिली असायची, पण ऊन चांगलं होतं.

चैत सरता सरता केवळाबाई पाण्याला गेली होती, विहिरीच्या पायरीवर तिचा पाय मुरगळला. भरली घागर तिनं पडू दिली नाही, पाय पडू दिला. लंगडत घरी आली. योगायोगानं येडबाची सुट्टी होती. तो बाजेवर पडलेला.

"लय सुजलंय," तो म्हणाला. "ताडकळसला गाडी करून नेतो."

केवळाबाई चुलीपाशी सरकली. बसल्या बसल्या चूल पेटवली. उतरंडीतनं पिशवी काढली, तीच, कोचीनहून परत आलेली. खळ शिजवली. सुताच्या लडी पुढ्यात टाकल्या अन् पाय लांब केला.

"बांध."

"माझ्यानं व्हत न्हाई."

"कामून?"

"न्हाई व्हत."

"मंग मी काय बुवाला बोलवू? म्या दळलेलं पीठ हाय, माझा पाय हाय. तुझा नुसता हात लागायलाय. बांध."

त्यानं बांधलं. पस्तीस वेढे. हात चुकला नाही. हाताला काही ठाऊकच नव्हतं. केवळाबाई उन्हात पाय करून ओसरीच्या कडेला बसली, तिथूनच सुपात ज्वारी निवडायला लागली. वैशाखतोंडाचं ऊन. घटकाभरात सुताचा काळा रंग करडा झाला. दुपारी येडबा उठला, तिच्या पायापाशी उकिडवा बसला अन् टिचकी मारली.

टक्क.

अंगठा ठेवून दाबलं. दबलं नाही. आणखी जोर लावला.

"अगं आई," केवळाबाई म्हणाली. "पाय हाय तो, खुंटा न्हाई."

त्यानं अंगठा काढला. मग म्हणाला, "कोचीनला वाळली न्हाई."

केवळाबाई ज्वारी निवडत राहिली.

"सकाळी बगितलं. वरून वाळली, आतून ओली. मला कळलं व्हतं. साबाला न्हाई सांगितलं. खेळंल म्हणलो."

"अन् मंग?"

"मंग पडला."

केवळाबाईनं सुपातला एक खडा उचलून अंगणात फेकला. "मेंढरू असतं तर हाकलं असतंस का?"

"न्हाई."

"मंग?"

येडबानं विचार केला. खरंच केला, पाच महिन्यांत पहिल्यांदा. "मेंढराला कोरियाला जायचं नसतं," तो म्हणाला.

केवळाबाईनं सूप बाजूला ठेवलं. थोड्या वेळानं तिनं पाणी मागितलं. त्यानं आणून दिलं.

पुढच्या सुट्टीला तो आला तेव्हा ती घरभर चालत होती. "सोड आता हे, रुतायलंय," म्हणाली. तो कातर शोधायला लागला. त्याला सापडेना, तिला सापडली. मेंढरं कातरायची मोठी कातर घेऊन तिनंच एका बाजूनं साचा कापला अन् पाय बाहेर ओढला. कापलेला साचा पुन्हा मिटून गोल झाला. आत घोट्याचा आकार जसाच्या तसा होता, हाडाच्या उंचवट्याची खळगीसुद्धा. येडबानं तो उचलून उलटा-सुलटा करून बघितला, मग दाराशेजारच्या खुंटीला अडकवला.

त्याला दुपारच्या मोटारीनं परत जायचं होतं. एक मे जवळ आला होता. कचेरीवर महाराष्ट्र राज्याची नवी पाटी लागायची होती, पेंटर शिडी लावून जुनी पुसत होता अन् शिडीजवळ पहारा पायजे होता. न हलता येडबाचं हे तिसरं राज्य. त्यानं टोपी घातली, पिशवी घेतली. दारात चतुराबाई उभी होती, मनगट दुसऱ्या हातात धरून, अन् त्याच्याकडं न बघता.

"हाय का माजलेला घरात?" तिनं केवळाबाईला विचारलं.

"हाय. मोटार चुकायलीय त्याची."

येडबानं म्हातारीचं मनगट हातात घेतलं, दाबून बघितलं. "कधी झालं?"

"परवा."

"बस," तो म्हणाला अन् पिशवी खाली ठेवली. मोटार चुकली. संध्याकाळच्या मोटारीनं गेला तेव्हा म्हातारी ओसरीच्या कडेला हात उन्हात करून बसली होती, अन् केवळाबाई खुंटीवरचा तो गोल साचा डोक्यावर ठेवून, त्यावर घागर घेऊन, विहिरीकडं निघाली होती.

"ती चुंबळ न्हाई," येडबा म्हणाला.

"बसली की बराबर," ती म्हणाली अन् उतार उतरायला लागली.